पान्हा चोरलेल्या दुधाची गोष्ट

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाबद्दल आणि ज्वारीबद्दल बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. तो विषय मी त्यांच्यावर सोडतो. मला बोलायचे आहे ते एका चीजबद्दल. त्याचे नाव रब्लोशों. फ्रान्सच्या पूर्वेला आल्प्सच्या डोंगरात सॅव्हॉय म्हणून मुलूख आहे, तिथे गाईच्या कच्च्या दुधापासून ते करतात. मऊ असते, साल केशरी, आणि वास असा की आपल्यापैकी निम्मे लोक नाकाला पदर लावतील.

काहींना हसू आले, ते मला दिसते आहे. घरात भाकरी आणि ठेचा, पावसाचा पत्ता नाही, आणि हा माणूस फ्रान्सच्या चीजचे काय घेऊन बसला? जरा धीर धरा. हे चीज राजाच्या मुदपाकखान्यात जन्मले नाही. शेतकऱ्याचे दूध मोजायला आलेल्या माणसामुळे ते जन्मले. मोजणाऱ्याशी आपलाही संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, म्हणून ही गोष्ट आपण ऐकण्यासारखी आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकातला काळ. सॅव्हॉयच्या आराव्ही डोंगररांगेत तोन नावाचे खोरे आहे. हिवाळ्यात सगळा मुलूख बर्फाखाली. उन्हाळा आला, बर्फ वितळले, की वर डोंगरमाथ्यावर गवत उगवते. शेतकरी गुरे घेऊन वर जातो, थंडी पडायला लागली की खाली येतो. पण ती कुरणे शेतकऱ्याच्या मालकीची नव्हती. मालक कोण? सरदार आणि मठ. गवत देवाचे, पाऊस देवाचा, गाय शेतकऱ्याची, आणि कुरणाचा खंड मात्र मालकाचा.

हा खंड दुधावर ठरायचा. मालकाचा माणूस वर यायचा, त्याच्यासमोर धारा काढायच्या, जेवढे दूध भांड्यात पडले त्यावरून किती द्यायचे ते लागायचे. म्हणजे गाय चांगली सांभाळली, तिला चांगल्या चाऱ्यावर नेले, रात्री जागून तिची निगा राखली आणि दूध वाढले, तर खंडही वाढला. शेतकऱ्याने जास्त घाम गाळला की मालकाचा वाटा जास्त. ही रीत तुम्हाला ओळखीची वाटत असेल, तर त्याला माझा इलाज नाही.

मग शेतकऱ्याने काय केले? मोजणारा समोर असताना गाय पुरती पिळलीच नाही. थोडे दूध कासेतच ठेवले. माप झाले, आकडा लिहिला, मोजणारा डोंगर उतरून गेला, की घरातली माणसे पुन्हा गाईखाली बसली आणि राहिलेले दूध काढून घेतले. तिथल्या बोलीत पुन्हा पिळणे याला 'रब्लोशे' म्हणतात. त्यावरून त्या दुधाच्या चीजला नाव पडले रब्लोशों. दुसऱ्यांदा पिळलेले.

आपल्याकडे म्हणतात, गाय पान्हा चोरते. वासरू जवळ नसेल, परका माणूस दिसला, गाय बुजली, की ती दूध वर ओढून धरते. तिथे गाईच्या नावावर मालकानेच पान्हा चोरला. मोजणारा म्हणाला असेल, 'आज दूध कमी कसे?' आणि शेतकरी म्हणाला असेल, 'तुम्हाला पाहून बुजली, साहेब.'

आता यातली खरी गंमत ऐका. ही गंमत दुधाचा धंदा करणाऱ्याला लगेच कळेल. गाईचे दूध पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत एकसारखे नसते. पहिल्या धारा पातळ. त्यात फॅट दोन टक्क्यांच्या खालीही असू शकते. फॅटचे कण कासेत मागे राहतात आणि शेवटी उतरतात. शेवटच्या धारांत फॅट पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून तर आपली आजी सांगायची की गाय निपटून काढा, शेवटच्या धारेत साय असते. डेअरीत कमी फॅट लागते तेव्हा पुष्कळदा दूध पुरते निपटलेले नसते, शेवटच्या धारा वासराच्या पोटात गेलेल्या असतात.

म्हणजे मोजणाऱ्याच्या मापात पडले ते पातळ दूध आणि शेतकऱ्याच्या घरात राहिले ते सायीचे. मापात तो लिटर मोजत होता, सकस काय आणि निकस काय ते मोजतच नव्हता. मोजणारा कितीही हुशार असला, तरी ज्याचे हात रोज कासेला लागतात त्याच्याइतके गाईबद्दल त्याला कळत नाही.

पण हे दूध घरात आले तरी प्रश्न संपला नाही. दूध थोडे, आणि ते दडवायचे. दूध म्हणून विकायला नेले तर बिंग फुटणार. ठेवले तर नासणार. आणि कासेतही फार वेळ ठेवता येत नाही. कास तटली की गाय आटायला लागते, कासेचा रोग होतो. म्हणून त्याच दिवशी पिळायचे आणि लगेच, ताजे आणि कोमट असतानाच, त्याचे चीज लावून टाकायचे. हे काम बायकांचे होते. मालकाच्या हिशेबात त्या बायकांचे नाव कुठेही नव्हते, पण घरातल्या पोरांच्या पोटाचा हिशेब त्यांच्या हातात होता.

सॅव्हॉयमध्येच दुसरे एक चीज होते, बोफोर नावाचे. त्याचे एकेक चाक चाळीस किलोचे असते आणि त्याला सुमारे चारशे लिटर दूध लागते. ते अनेक गाईंचे दूध एकत्र करून उघड्यावर करायचे काम आहे. रब्लोशों मात्र जेमतेम अर्ध्या किलोचे. तळहातापेक्षा थोडे मोठे, चौदा सेंटिमीटर रुंद, तीन-चार सेंटिमीटर जाड. त्याला साधारण चार लिटर दूध पुरते. बोफोर महिनोन्‌महिने पिकवावे लागते, रब्लोशों तीन-चार आठवड्यांत खायला होते. थोडे दूध असलेल्या घराचे हे चीज आहे.

करतात कसे तेही सांगतो, कारण आपल्या बायका ताक-लोणी करतात, त्यांना ते ऐकायला आवडेल. कच्चे, साय न काढलेले दूध किंचित कोमट करायचे. त्यात वासराच्या जठरातून काढलेले रेनेट घालायचे, म्हणजे दूध थिजते. मग ते कापून तांदळाच्या दाण्याएवढे बारीक करायचे. फडके घातलेल्या साच्यात भरायचे, वर वजन ठेवायचे, निवळी गळून जाऊ द्यायची. नंतर मिठाच्या पाण्यात बुडवायचे. पुढे तळघरात स्प्रूसच्या लाकडाच्या फळ्यांवर मांडायचे आणि अधूनमधून उलटवत, धूत राहायचे.

धुवायचे कशाला? ओल्या तळघरात कोणत्याही पदार्थावर बुरशी चढते. खारट पाण्याने वरचेवर पुसले की ती बुरशी मागे पडते आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू सालीवर वाढतात. त्या जिवाणूंनी साल केशरी होते, तेच आतले चीज मऊ करतात, आणि तो उग्र वासही त्यांचाच. वास नाकाला जड, पण आतली चव सौम्य, सायीची.

सोळाव्या शतकात या चीजला आणखी एक नाव मिळाले, भक्तीचे चीज. त्या खोऱ्यात कार्थुसियन पंथाचे संन्यासी होते. ते येऊन घराला, गोठ्याला आशीर्वाद द्यायचे आणि शेतकरी त्यांना रब्लोशों द्यायचा. खंड म्हणून जे दिले नाही ते दक्षिणा म्हणून दिले. मागून घेतलेले आणि मनाने दिलेले यातला फरक त्या शेतकऱ्याला चांगला कळत होता.

भावांनो, आता मी तुम्हाला विचारतो. हा शेतकरी चोर होता का?

कायद्याने बघितले तर होता. माप चुकवले, मालकाला फसवले. पण ते माप ठरवले कोणी? कोणत्या दिवशी मोजायचे, काय मोजायचे, किती घ्यायचे, यात शेतकऱ्याला कोणी विचारले होते का? ज्या व्यवहारात एकच बाजू बोलते, तिथे दुसरी बाजू मुक्याने उत्तर देते. दूध कासेत ठेवणे हे त्या मुक्या माणसाचे उत्तर होते.

मात्र इथे थांबून चालणार नाही. ही चोरी मोठी शूर होती असे म्हणून टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे, असे मला वाटत नाही. नीट बघा, या दडवण्यातून शेतकऱ्याला काय मिळाले? पोरांच्या ताटात चार घास जास्त पडले. एवढेच. जे दडवायचे ते मोठ्या प्रमाणावर करता येत नाही. बाजारात नेता येत नाही. भाव मागता येत नाही. लपवलेल्या मालाला नाव नसते आणि नाव नसलेल्या मालाचा भाव घेणारा ठरवतो. चोरून वाचवलेले दूध माणसाला जगवते, पण वर काढत नाही.

वर काढले ते पुढच्या गोष्टींनी. १७७१ साली सॅव्हॉयच्या राजाने हुकूम काढला की गावांनी पैसे भरून सरदारांचे हक्क सोडवून घ्यावेत. पुढे फ्रान्सची राज्यक्रांती झाली. १७९२ मध्ये फ्रेंच फौजा सॅव्हॉयमध्ये शिरल्या आणि सरदारकीचे उरलेसुरले हक्कही गेले. तो मुलूख कायमचा फ्रान्समध्ये सामील झाला तो १८६० साली. मोजणारा गेला तेव्हा दडवण्याचे कारणही गेले, आणि रब्लोशों उघडपणे बाजारात आले. ल ग्रां बोर्नां या गावात बुधवारी रब्लोशोंचा बाजार भरत आला आहे.

पण बाजारात आले की दुसरे दुखणे सुरू होते. वस्तूचे नाव झाले की नक्कल सुरू होते. सपाटीवरचा कारखानदार स्वस्त दुधाचे तसेच दिसणारे चीज करतो आणि तेच नाव चिकटवतो. डोंगरातला शेतकरी त्याच्याशी किमतीत टिकू शकत नाही. उन्हाळा तीन-चार महिन्यांचा, उतारावर यंत्र चालत नाही, गवत कापून हिवाळ्यासाठी साठवायचे. खर्च जास्त, दूध कमी. कोरडवाहू शेतकऱ्याला हे हिशेब वेगळे समजावून सांगायला नकोत.

फ्रान्सने यावर कायद्याने तोड काढली. अमुक गावच्या, अमुक पद्धतीने केलेल्या मालालाच अमुक नाव लावता येईल, असा तो कायदा. रब्लोशोंला हे संरक्षण १९५८ साली मिळाले. ओत साव्वा जिल्ह्याचा डोंगरी भाग आणि त्याला लागून सॅव्हॉय जिल्ह्यातला थोडा भाग, एवढ्याच टापूत ते करता येते. गाई तीनच जातींच्या चालतात: आबोंदांस, तारांतेझ आणि मोंबेलियार्द. होल्स्टीन दुधाला कितीही भारी असली तरी चालत नाही. मुरघास खाऊ घालायला बंदी. दूध कच्चेच पाहिजे.

त्यातही एक बारकावा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक चीजवर एक लहानशी चकती लावतात. चकती हिरवी असेल तर ते शेतावर, एकाच कळपाच्या दुधापासून, दिवसातून दोनदा, धार काढल्याबरोबर केलेले. चकती लाल असेल तर ते अनेक शेतकऱ्यांचे दूध एकत्र करून डेअरीत केलेले. दोन्ही खरे रब्लोशों. पण गिऱ्हाइकाला एका नजरेत कळते की हे कुणाच्या हातचे आहे. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी ज्या घाईने, ज्या भीतीने धार काढल्याबरोबर चीज लावत होते, ती घाई आता नियम झाली, आणि त्या नियमाला भाव मिळतो. या टापूतल्या चीजच्या दुधाला सपाटीवरच्या साध्या दुधापेक्षा चांगला दर मिळतो.

आता कोणी म्हणेल, मग काय, नाव नोंदवा आणि सुखी व्हा. थांबा. तीन गोष्टी अजून सांगायच्या राहिल्या.

पहिली. शेतावर चीज करणारे काही शेतकरी ते स्वतः पिकवत नाहीत. पांढरे, कोवळे चीज ते पिकवणाऱ्या व्यापाऱ्याला विकतात. तळघर त्याचे, धुणे त्याचे, आणि पिकल्यावर वाढलेल्या किमतीतला वाटाही त्याचा. आपण कापूस विकतो आणि रुई, सरकी, तेल, पेंड दुसऱ्याच्या अंगणात होते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून तोनमध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभी करून पिकवण्याचे आणि विकण्याचे काम हातात घेतले. विक्रीसाठी डोके कसे चालवले बघा. १९८० च्या दशकात रब्लोशोंच्या उत्पादकांच्या संघाने बटाटे, कांदे, डुकराचे खारवलेले मांस आणि वर रब्लोशों घालून भाजलेला एक पदार्थ पुढे आणला, तार्तिफ्लेत. मूळ तिथल्याच एका जुन्या खेडवळ पदार्थात. बर्फावर खेळायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांनी तो डोक्यावर घेतला. आज लोकांना वाटते तो शेकडो वर्षांचा आहे. शेतकऱ्याने माल विकण्यासाठी काढलेली ती युक्ती आहे.

दुसरी. कच्च्या दुधाला जबाबदारी असते. २०१८ साली रब्लोशोंमधून ई. कोलाय जिवाणूची बाधा होऊन फ्रान्समध्ये लहान मुले आजारी पडली आणि बाजारातून माल परत बोलवावा लागला. नाव सगळ्यांचे असते, म्हणून एकाच्या गोठ्यातली घाण सगळ्यांना भोवते. अमेरिकेत तर खरे रब्लोशों विकताच येत नाही, कारण कच्च्या दुधाचे चीज साठ दिवस पिकलेले असले पाहिजे असा तिथला कायदा आहे, आणि रब्लोशों त्याच्या कितीतरी आधी तयार होते. दूध तापवून केले तर ती बाजारपेठ खुली होईल. पण मग ते रब्लोशों राहणार नाही. कच्च्या दुधाचा नियम त्यांनी कायम ठेवला आहे.

तिसरी गोष्ट आपल्या काळजाजवळची आहे. २०२२ साली आपल्याकडे लम्पीने गुरे पटापट पडली, ते कोणी विसरले नसेल. तोच लम्पी रोग २०२५ च्या जूनअखेरीस फ्रान्समध्ये पहिल्यांदा शिरला, आणि शिरला तो सॅव्हॉयमध्येच. पुढे ओत साव्वामध्येही पोचला. आपल्याकडे आपण शेळ्यांच्या देवीची लस टोचली, आजारी जनावर वेगळे बांधले, काही वाचली, काही गेली. तिथला नियम वेगळा. कळपातले एक जनावर बाधित निघाले तरी सगळा कळप मारायचा. शेतकऱ्यांनी विरोध केला, निदर्शने केली. सरकारने आजूबाजूच्या पन्नास किलोमीटर टापूत लसीकरण केले, मारलेल्या गुरांची भरपाईही दिली. पण पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला कळप भरपाईच्या पैशाने दुसऱ्या दिवशी गोठ्यात उभा राहत नाही. आणि रब्लोशोंवाल्याला मिळेल ती दुधाळ गाय आणून जागा भरता येत नाही. त्या तीन जातींचीच पाहिजे. ज्या नियमाने भाव दिला, तोच नियम अडचणीच्या दिवशी गळ्याशी येतो.

आणखी एक सांगितले पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा होईल. तो डोंगरी शेतकरी निव्वळ नावावर जगत नाही. डोंगरात शेती करणे महाग पडते म्हणून त्याला सरकारकडून आणि युरोपीय संघाकडून दरवर्षी भरपाईची रक्कम मिळते. चांगले चीज केले की आपोआप सगळे सुरळीत होते, असा धडा कोणी शिकवायला आला तर त्याला हे विचारा.

आपल्याकडेही असा कायदा झाला आहे. भौगोलिक चिन्हांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली हे चिन्हांकन मिळाले. म्हणजे आपली ज्वारी आणि फ्रान्सचे ते चीज, कागदावर एकाच जातीच्या हक्काचे धनी आहेत. पण कागद म्हणजे भाव नव्हे. बाजारात मंगळवेढ्याची म्हणून जी ज्वारी विकली जाते ती तिथलीच आहे हे कोण तपासणार? नियम कोण लिहिणार? नियम मोडला तर आपल्याच भावकीतल्या माणसाला नाही म्हणायची हिंमत कोण दाखवणार? पोत्यावर हिरवी चकती कोण लावणार? हे प्रश्न सुटल्याशिवाय नोंदणीचा दाखला भिंतीवर टांगण्यापुरताच.

म्हणून मी या बैठकीत एवढेच मागतो. तालुक्यातालुक्यात बसाल तेव्हा एक यादी करा. आपल्याकडचा कोणता माल आपण पांढरा, कोवळा असताना विकतो आणि पिकण्याची किंमत दुसरा घेतो? कोणत्या मालाला आपल्या गावाचे नाव आहे, पण त्या नावाची राखण करायला कोणी नाही? आणि आपण अजून काय काय कासेत दडवून ठेवतो, ज्याचा उघड भाव मागायची वेळ आली आहे?

सॅव्हॉयच्या शेतकऱ्याने मोजणाऱ्यापासून दूध लपवले तेव्हा त्याच्या घरची चूल पेटली. पुढे त्याने तेच दूध आपल्या नावाने, आपल्या नियमाने बाजारात मांडले, तेव्हा त्याचा भाव वाढला. या दोन गोष्टींच्या मध्ये पाच-सहा शतके गेली. आपल्याला एवढी सवड नाही.